नीलाची पाटी

डोंबिवली (पूर्व)
सोमवार, ९ जून २०२५

चि. साकेत यास,

पत्र कृतिकाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, मेल परत येतात. त्याबद्दल तक्रार नाही. ठाणे इथून अर्ध्या तासावर आहे आणि मी पोस्टाचं तिकीट लावतो आहे, याचं हसू येऊ नये एवढीच अपेक्षा.

कृतिका परवा एकटीच सासरी येऊन गेली. तिने तुला सांगितलं नसेल तर आता मी सांगितलं, रागावू नकोस तिच्यावर. आईच्या साड्यांचं काय करायचं ते विचारायला आली होती. दोन तिने ठेवल्या, बाकीच्या आईचं एवढं केलं म्हणून हौसाबाईंना दिल्या. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, साकेतने 'पळस'चं काम पूर्ण सोडलंय. ऑफिसचं काम करतो तेवढंच. सुट्टीच्या दिवशी एक जुना कॉम्प्युटर घेऊन बसतो. अपडेट आपोआप चढू नये म्हणून त्याला लॉक लावतो, मग अपडेट सोडतो आणि लॉक सुटतं का बघतो. आत्तापर्यंत चाळीस वेळा तरी केलं असेल. म्हणतो, मीच कुठेतरी चुकलोय."

मी म्हटलं, "सुटलं का एकदा तरी?"

ती म्हणाली, "नाही."

साकेत, हे बंद कर. यंत्रं आहेत, कधीतरी काहीतरी होतं. चौतीस वर्षं मी एमआयडीसीत कारखान्याची उपकरणं सांभाळली, दोनदा तरी असा व्हॉल्व्ह उघडलेला पाहिला आहे ज्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. आईच्या बाबतीत कोणाचीच चूक नव्हती. तिची फुप्फुसं थकली होती, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तू 'पळस'मध्ये परत जा. तुझ्याइतकं ते काम समजणारे तिथे तिघेही नाहीत.

माझी तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात आहे.

बाबा


डोंबिवली
शनिवार, २८ जून २०२५

चि. साकेत,

उत्तर आलं नाही. कृतिकाचा मेसेज आला की पत्र तू वाचलंस आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलंस. म्हणजे फाडलं नाहीस. तेवढ्यावर पुढचं लिहितो आहे.

कृतिकालाही वाचायला दे. तिने विचारलं होतं, की बाप-लेक एका सॉफ्टवेअरवरून एवढे कसे तुटू शकतात. मला तेव्हा तिला नीट उत्तर देता आलं नाही. आता तिच्यासाठी सोप्या शब्दांत लिहितो. तुला हे सगळं माहीत आहे, तू पुढची पानं सोडलीस तरी चालेल.

तर कृतिका, कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडक्या उघडतात, त्या मांडायला आत एक व्यवस्था असते. लिनक्समध्ये ही व्यवस्था चाळीस वर्षं जुनी होती, तिला एक्स म्हणतात. तिच्यात सगळ्या प्रोग्रामना एकमेकांच्या खिडकीत हात घालता येतो. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत अक्षरं टाइप करू शकतो, दुसरीकडे दाबलेलं बटण ऐकू शकतो. हे धोक्याचं आहे, कारण एखादा चोर प्रोग्राम तुझा पासवर्डही ऐकू शकेल. म्हणून नवी व्यवस्था आली, वेलँड. तिच्यात प्रत्येकाने आपापल्या खिडकीत राहायचं. जगभर वाद चालू आहेत, जुनी कधी काढायची, काढायची की नाही. आपलं 'पळस' म्हणजे देशभरच्या शे-दीडशे स्वयंसेवकांनी सांभाळलेलं लहानसं लिनक्स. त्यातल्या पडद्याचं काम साकेतकडे होतं. जुनी व्यवस्था काढून टाकावी हा ठराव त्याने मांडला आणि सगळ्यांत मोठ्याने विरोध मी केला.

का केला, ते तू पाहिलेलंच आहेस. आईला २०१७ साली तो आजार झाला. आधी हात गेले, मग वाचा. दोन वर्षांत उजव्या पायाचा अंगठा आणि भुवया एवढंच हलत होतं. तेव्हा साकेतने आणि मी मिळून पाटी लिहिली. पडद्याच्या खालच्या बाजूला वर्णमालेची पट्टी, तिच्यावर एक पिवळा चौकोन सरकत राहतो, हव्या त्या अक्षरावर आला की आईने अंगठ्याखालचं बटण दाबायचं. अक्षर ज्या खिडकीत हवं त्या खिडकीत उमटतं. वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. पिवळा चौकोन साकेतचा, अक्षर दुसऱ्या खिडकीत पोचवणारा भाग माझा. आणि माझा भाग पूर्णपणे जुन्या व्यवस्थेवर उभा होता.

पहिल्या दिवशी आईने काय लिहिलं होतं, साकेत? 'चहात साखर कमी.' चार महिन्यांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य. तू हसत हसत रडायला लागलास.

नंतर ती मला 'तू' म्हणायला लागली. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर. 'तुम्ही' लिहायला सहा वेळा दाबावं लागतं, 'तू'ला दोनदा. मला ते फार आवडायचं, कधी बोललो नाही.

'पळस'चे सगळे जिथे मेलवर वाद घालतात त्या यादीवर मी जे जे लिहायचो ते ती वाचायची. मराठीची मास्तरीण, इंग्रजीतल्याही चुका काढायची. तू ठराव मांडलास त्या आठवड्यात मी तुला उद्देशून लिहिलं होतं, की ज्यांचे हात चालतात त्यांना सुरक्षिततेच्या गप्पा सुचतात. आपण बापलेक आहोत हे यादीवर कोणाला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असेल कोण हा डोंबिवलीचा म्हातारा, साकेतच्या एवढा हात धुऊन मागे का लागलाय. आईने ते वाचलं आणि पाटीवर लिहिलं, 'त्याचं बरोबर. तुझंही. पण तू ओरडतोस.'

मी म्हटलं, "ओरडल्याशिवाय ही पोरं ऐकत नाहीत."

तिने भुवया उचलल्या नाहीत. भुवया उचलणं म्हणजे हो.

बाबा


डोंबिवली
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

साकेत,

पाच आठवडे हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. पहिली ओळ एकदा लिहून झाली की पुढचं जमेल, म्हणून ती आधी लिहितो.

लॉक तू नीट लावलं होतंस. ते मी काढलं.

आता ते जुनं यंत्र बंद करून ठेव. त्यात शोधण्यासारखं काही नाही.

गेल्या ऑक्टोबरात तू इथे आला होतास. त्या दिवशीचं तुझं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. आईच्या यंत्रावर बसून तू लॉक लावलंस आणि म्हणालास, "बाबा, ठरावाचं काहीही होऊ दे, आईचं मशीन जुन्यावरच ठेवायचं. त्याला अजून दोन वर्षं सपोर्ट आहे. मी नवी पाटी लिहायला घेतलीये, मार्चपर्यंत देतो. तोपर्यंत याला हात नाही लावायचा. प्लीज." मी म्हटलं, "आणि बाकीच्यांच्या आयांचं काय?" तू म्हणालास, "त्यांचंही तेच करतोय ना बाबा." खरं होतं ते. तू तेच करत होतास. मला ते ऐकायचं नव्हतं.

मतदान गुरुवारी होतं, चौदा नोव्हेंबरला. माझ्या बाजूला फार थोडे लोक होते. मला वाटलं, शब्दांनी होत नाही, यांना डोळ्यांनी दाखवलं पाहिजे. नव्या व्यवस्थेवर माणसाची वाचा कशी जाते त्याचा व्हिडिओ दाखवायचा. दुसरं यंत्र आणून दाखवता आलं असतं. मीच अंगठ्याने दाबून दाखवू शकलो असतो. पण त्याने कोणाचं काळीज हललं नसतं.

सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी हौसाबाई आईचं अंग पुसून गेल्यावर मी तिला सांगितलं, "एक प्रयोग करायचाय. दुपारपर्यंत सगळं पूर्ववत करून देतो."

तिने पाटीवर लिहिलं, 'नको. साकेत नको म्हणाला.'

मी तुझा पासवर्ड टाकला, लॉक काढलं आणि वेलँडवर चालणारी नवी आवृत्ती चढवली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती पडद्याकडे बघत होती. मग पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवून मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिला म्हटलं, "तुझं नाव लिही." पिवळा चौकोन सरकत होता. 'न'वर आला, तिने दाबलं. काही उमटलं नाही. परत फिरून आला, परत दाबलं. अकरा मिनिटं ती दाबत होती. तू तो व्हिडिओ पाहिला आहेस. सगळ्यांनी पाहिला. त्यात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का माहीत नाही. शेवटची तीन-चार मिनिटं ती पडद्याकडे बघतच नव्हती. फोनच्या मागे मी उभा होतो, माझ्याकडे बघत होती.

व्हिडिओ यादीवर टाकताना मी लिहिलं, 'अपडेट आपोआप आलं. माझी पत्नी आज मुकी झाली. ठराव मांडणाऱ्यांपैकी एक जण तिचा मुलगा आहे.'

बाकी तुला माहीत आहे. मतदान पुढे ढकललं गेलं, तुला नाही नाही ते लिहिलं गेलं. मी जिंकलो. त्या संध्याकाळी मला खरंच बरं वाटलं होतं, हेही लिहितो, कारण आता लपवून काय करू.

दुपारपर्यंत पूर्ववत झालं नाही. मी आधी काढून ठेवलेल्या प्रतीची पेन ड्राइव्ह उघडली नाही. जुनी आवृत्ती नव्याने टाकली तर पाटी चालेना, सहा वर्षांपूर्वीचे तिचे भाग आता कुठे मिळत नव्हते. ते सगळे तुझ्याकडे होते.

आणि तुझा फोन आला. मंगळवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास. तू म्हणालास, "बाबा, भांडण नंतर करू. माझ्याकडे पूर्ण जुना सेटअप असलेला लॅपटॉप आहे. मी निघतोय, तासाभरात आई बोलायला लागेल."

मी म्हटलं, "येऊ नकोस. तुझं तोंड बघायची तिची इच्छा नाही."

हे तिने म्हटलं नव्हतं. तिला काही म्हणताच येत नव्हतं. तू आला असतास तर दोन मिनिटांत नोंदी बघितल्या असत्यास. लॉक सोमवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी पासवर्ड टाकून काढलं, हे तिथे लिहिलेलं होतं. म्हणून मी तुला येऊ दिलं नाही. नुसतं नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून तिचं नाव घेतलं.

तू तिला पाहिलंस ते शुक्रवारी, हॉस्पिटलमध्ये, नळी घातलेल्या अवस्थेत. दाराशीच उभा राहिलास. तिला आपलं तोंड बघायचं नाही या समजुतीने तू आत आला नाहीस, हे मला तेव्हा कळत होतं. मी तिच्या उशाशी बसून होतो आणि गप्प राहिलो. रविवारी ती गेली.

क्षमा मागायला लिहिलेलं नाही. तू चाळीस वेळा लॉक लावून बघितलंस, म्हणून लिहिलं.

बाबा


डोंबिवली
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

साकेत,

मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं, आई तुझ्याबद्दल काय म्हणाली आणि मी काय म्हणालो तेवढं वगळून, मी काल 'पळस'च्या यादीवर माझ्या नावाने टाकलं. अपडेट आपोआप आलं नव्हतं, साकेतने लावलेलं लॉक मी काढलं होतं, व्हिडिओ ठरवून केला होता. तो काढून टाकण्याची विनंती केली आहे.

उत्तरं येत आहेत. नागपूरचे महेंद्र, ते माझ्या बाजूने सगळ्यांत जास्त भांडले होते. त्यांनी एकच ओळ लिहिली, 'काका, आम्ही तुमच्या शब्दावर त्या मुलाला काय काय बोललो.' बाकीच्यांनी लिहिलं आहे ते मी वाचलं. बरोबर आहे ते.

ठराव परत मतदानाला येतो आहे. मला मत आहे, मी देणार नाही.

कृतिकाचा फोन आला होता. तिसरं पत्र तू वाचलंस आणि दोन दिवस ऑफिसला गेला नाहीस असं म्हणाली. तिचा आवाज वेगळा होता. पहिल्यांदाच तिने मला जेवलात का विचारलं नाही.

हौसाबाई अजून येतात. कोपरहून रोज चालत. मी म्हटलं, "आता इथे काम काय आहे?" तर म्हणाल्या, "ताईंची खोली झाडायची ना." झाडतात आणि जातात.

बाबा


डोंबिवली
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. साकेत,

काल तू गेल्यापासून मी त्याच खुर्चीत होतो. आज सकाळी उठून लिहायला घेतलं.

तू येशील असं वाटलं नव्हतं. दार उघडल्यावर मी विचारलं, "जेवणार का?" वर्षाने आलेल्या मुलाला. तू म्हणालास, "नाही." मग सरळ तिच्या खोलीत गेलास. मी बाहेरच थांबलो. अर्ध्या तासाने आईच्या यंत्राची डिस्क हातात घेऊन आलास आणि म्हणालास, "यात तिचं सगळं लिहिलेलं असेल. मी घेऊन जातो." मी हो म्हटलं. तू मागितलं नसतंस तरी तुझंच होतं ते.

मग तू उभ्या उभ्याच सांगितलंस, की नवी पाटी झाली. वेलँडवर चालते, अक्षरं दुसऱ्या खिडकीत पोचतात, रीतसर परवानगी घेऊन. टिटवाळ्याच्या एका बाईंकडे महिनाभर वापरात आहे. मी विचारलं, "कसं जमवलंस?" तू समजावून सांगायला लागलास, दोन वाक्यं बोललास आणि थांबलास. मला वाटतं आपण पूर्वीसारखे बोलायला लागलो होतो आणि ते तुझ्या लक्षात आलं. मी पाणी आणायला आत गेलो. तेवढ्यात तू चपला घातल्या होत्यास.

दारात तू मला एकच विचारलंस. "सोमवार ते गुरुवार, त्या चार दिवसांत आई काहीच बोलली नाही? अक्षरांचा कागद होता ना घरात. हौसाबाईंना वाचता येतं."

मी म्हटलं, "नाही. काही नाही."

तू मान हलवलीस आणि जिना उतरलास.

साकेत, ते खोटं होतं. आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ऑगस्टच्या पत्राच्या वेळी ठरवलं होतं आणि तू समोर आल्यावर पहिल्याच प्रश्नाला खोटं बोललो. तोंडाने सांगता येणार नाही म्हणून लिहितो.

बुधवारी दुपारी तीन-साडेतीनची वेळ. खोलीत मी तिच्या पलंगाकडे पाठ करून यंत्रापुढे बसलो होतो. तीन दिवस तसाच बसत होतो. तिला भरवणं, कूस बदलणं सगळं हौसाबाईच करत होत्या. मला वाटत होतं, पाटी चालू झाली की सगळं मिटेल, तू यायच्या आत मिटेल, कोणाला कळणार नाही. तिला सकाळपासून बारीक ताप होता. हौसाबाईंनी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, बघू संध्याकाळी.

हौसाबाई म्हणाल्या, "काका, ताई कागदाकडं बघत्यात. काय तरी सांगायचं दिसतंय."

मी म्हटलं, "विचारा तुम्ही. मी हे एवढं करतो."

त्यांनी कागद धरला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाई, एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या, मोठ्याने म्हणायच्या, ताईंची भुवई उचलते का बघायच्या. क, ख, ग, घ, पाठीमागे चाललेलं मला ऐकू येत होतं. काना, मात्रा, वेलांटी. मध्येच चुकायच्या, परत पहिल्यापासून. मला त्या आवाजाचा त्रास होत होता, लक्ष लागत नव्हतं. अर्धा तास तरी चाललं असेल. मग त्या कागदावर लिहून घेतलेलं जुळवून वाचायला लागल्या.

"काका, ताई म्हनत्यात, 'ते राहू दे. इथे बस.'"

मी वळलो नाही. मी म्हटलं, "झालंच आहे. दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी झालं नाही. संध्याकाळी ताप चढला, गुरुवारी श्वास लागला, दुपारी तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. नळी घातल्यावर डोळे मिटलेलेच होते.

मला कळलं ते एवढंच नाही. पुढचं हौसाबाईंनी तेराव्यानंतर सांगितलं, मी विचारल्यावर. माझं ते उत्तर ऐकून त्यांनी कागद परत पुढे धरला होता. म्हणाल्या, "ताई, अजून काय सांगायचंय का काकांना?"

तिने भुवई उचलली नाही. हौसाबाई म्हणतात, ती बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत होती.

बाबा